हुकावरचे कप

फॉर्मवर दोनच प्रश्न होते. इथे काम करताना काय आवडतं? आणि काय आवडत नाही? पहिल्या प्रश्नाखाली ब्रायडीनं लिहिलं, "माणसं, आणि शुक्रवारी खायला मिळणारे चीज स्कोन." दुसऱ्या प्रश्नाखालची जागा मात्र तिला पुरेना.

चूक तिची एकटीची नव्हती. सोमवार होता, दक्षिणेकडचा थंडगार वारा खिडक्या खडखडवत होता, आणि सकाळपासून तिघांनी तिला हीटर वाढव म्हणून सांगितलं होतं, चौघांनी कमी कर म्हणून. अशा वेळी माणसाच्या पुढ्यात असा फॉर्म ठेवूच नये. तिनं लिहिलं की मासे मायक्रोवेव्हमध्ये गरम करणार दुसरं कुणी आणि वासाबद्दल बोलणी खाणार मी. प्रिंटर अडला की मी. लोक टेबल भाड्यानं घेतात, पण त्यांच्या घटस्फोटाच्या कहाण्या मला फुकटात ऐकाव्या लागतात. दिवसभर हसून हसून संध्याकाळी गाल दुखतात. आणि शेवटी, रागाच्या भरात, ठळक अक्षरांत: कप! रोज चाळीसएक कप धुवा, सिंकपासून पार दारापर्यंत न्या आणि ज्याचा त्याच्या हुकाला टांगा. दोघी जणींचा पाऊण तास जातो. हे काम मुळात असूच नये.

एवढं लिहून तिनं 'पाठवा'वर बोट ठेवलं आणि मोकळी झाली.

लाँगटेबल ही कंपनी वेलिंग्टनमध्ये तिसऱ्या मजल्यावर होती. धंदा साधा. एका मोठ्या मजल्यावर टेबलं मांडायची आणि ज्याला स्वतःचं ऑफिस परवडत नाही किंवा घरी काम सुचत नाही त्याला ती महिन्याच्या भाड्यानं द्यायची. नकाशे काढणारी बाई, विम्याचे दावे तपासणारा म्हातारा, मधमाश्यांच्या पेट्या विकणारे दोघे भाऊ, असली सगळी मंडळी शेजारीशेजारी बसत. टेबलाला टेबल लागलेलं, पण कुणी कुणाचं नसे. आणि या सगळ्यांना सांभाळायला दारापाशी दोघी: एकतीस वर्षांची ब्रायडी हॅनरहन आणि साठी ओलांडलेली लोसा.

लोसा मूळची सामोआची. मजल्यावरचे सगळे, अगदी विम्याचा म्हातारासुद्धा, तिला आँटी म्हणत. तिची चाल संथ, गुडघे कुरकुरणारे, आणि नजर मात्र अशी की तिच्यापुढून उपाशी माणूस पुढे सरकूच शकत नसे. "तोंड का उतरलंय? खाल्लंस काय सकाळी? कॉफी? कॉफी काय खाणं आहे?" की आलाच अननसाच्या पाईचा तुकडा. कुणाला पहिलं गिऱ्हाईक मिळालं की लोसाला आधी कळे, घरच्यांना नंतर. मधमाश्यांच्या भावांची आणि नकाशेवालीची गाठ तिनंच घालून दिली होती. आज त्या तिघांचा मिळून धंदा जोरात चालला होता आणि लोसाला घरी मध विकत आणायची कधी गरज पडली नव्हती. खरं सांगायचं तर ब्रायडीला ही नोकरी आवडायची ती या बाईमुळे. पण फॉर्मवर ते लिहायचं तिला सुचलं नाही. हाताशी असलेलं माणूस फॉर्मवर लिहायचं असतं, हे कुणाला सुचतं?

कपांची ती फळी लोसाचीच. दाराच्या अगदी शेजारी, लाकडाची, त्रेचाळीस हुकांची. प्रत्येक हुकाखाली नाव, प्रत्येक नावाचा आपापला कप. फळी सिंकजवळ का नाही, असं ब्रायडीनं एकदा विचारलं होतं. लोसा म्हणाली होती, "मला जाता-येता दिसायला हवी," आणि विषय संपला होता.

गुरुवारी ऑकलंडहून रसल आला. तिकडच्या मुख्य कचेरीतला, कामापुरतं बोलणारा, पण वागायला सभ्य. त्याला आत घ्यायला ब्रायडी सकाळी खाली दारात उभी होती. पाऊस आडवा लागला होता. रसलपाठोपाठ टोपी नाकापर्यंत ओढलेला, दोन्ही हातांत पिशव्या घेतलेला आणखी कुणीतरी आला आणि तिनं त्याच्यासाठीही दार धरून ठेवलं. तिचं सगळं लक्ष रसलकडे होतं. तसंही या गावात मागच्याच्या तोंडावर दार सोडणाऱ्याला माणसात धरत नाहीत.

दोन तास रसल कोपऱ्यात बसून सगळं बघत होता. मग त्यानं ब्रायडीला काचेच्या खोलीत बोलावलं.

"तुझा फॉर्म सगळ्यांत चांगला होता," तो म्हणाला. "बाकीचे सगळे गोड गोड लिहितात. तू खरं लिहिलंस."

ब्रायडीला जरा बरंच वाटलं.

"दाराचं काम आता फोनवरच्या ॲपनं होतं. दाराला फोन टेकवला की कोण आलं, कोण गेलं, सगळी नोंद आपोआप. आणि लोसा काय करते, ते मी दोन तास बघितलं. गप्पा मारते, खायला घालते आणि कप. गप्पा तू मारतेसच. कपांचं तू स्वतःच लिहिलंयस, असूच नयेत म्हणून. कागदी कप आणू. म्हणजे इथं एक माणूस पुरेल. पुढच्या महिन्यापासून."

"एक म्हणजे..."

"तू. घाबरू नको, तुझी जागा पक्की आहे. मी चार वाजेपर्यंत अहवाल पाठवतो."

ब्रायडी पुढे झाली. "अहो थांबा, मी ते रागात लिहिलं होतं. मी बदलते तो फॉर्म."

"एकदा पाठवलेला फॉर्म बदलता येत नाही," रसल म्हणाला, आणि त्याला खरंच वाईट वाटल्यासारखं दिसलं.

ती बाहेर आली तेव्हा लोसा फळीपाशी कुणाचा तरी निळा कप सरळ करत होती. दोन वर्षांपूर्वी लोसाचा नवरा गेला, मुलगे दोघेही ब्रिस्बेनला. एकदा सुट्टी घे म्हटल्यावर ती म्हणाली होती, "घरी जाऊन करू काय, भिंतींना चहा पाजू?" ते आत्ता आठवायचं काही कारण नव्हतं, पण आठवलंच.

"आँटी," ब्रायडी म्हणाली, "मी एक घाण करून ठेवलीय." आणि तिनं तिथंच, उभ्या उभ्या, फॉर्मपासून रसलच्या कागदी कपांपर्यंत सगळं सांगून टाकलं. सांगता सांगता डोळे भरून आले.

लोसानं सगळं ऐकून घेतलं. चेहरा एकदा पडला, तो ब्रायडीला दिसला. मग लोसानं विचारलं, "खोटं लिहिलंस का?"

"नाही."

"मग रडतेस कशाला? कपांचा कंटाळा मलाही येतो. माझ्या गुडघ्यांना विचार."

"पण तुझी नोकरी जातेय, आँटी! चीड ना माझ्यावर!"

"चिडेन. आधी नाक पूस. लोक बघतायत."

आणि तेवढ्यात घंटा सुरू झाली.

नेहमीच्या सरावाची घंटा नव्हती ती. खालच्या कॅफेत तेलानं पेट घेतला होता आणि जिन्यातून काळा धूर वर यायला लागला होता. लोसानं खुंटीवरचं, आगीच्या वेळी घालायचं नारिंगी जाकीट चढवलं आणि एरवी कधी न काढलेल्या आवाजात ओरडली, "मागच्या जिन्यानं! बॅगा राहू द्या! ए, लॅपटॉप खाली ठेव आणि चल!" मंडळी निमूट निघाली. शेवटी निघताना लोसा क्षणभर दारापाशी थांबली, ते ब्रायडीनं बघितलं. तिला वाटलं, बाईला दम लागला.

समोरच्या फुटपाथवर पावसात सगळे गोळा झाले. रसलनं फोन काढून नावं घ्यायला सुरुवात केली. त्याचं काम चोख होतं, नाव ठेवायला जागा नाही. एकेक नाव, एकेक 'हजर'. शेवटचं नाव झालं आणि तो तेवढ्यात येऊन पोचलेल्या बंबाच्या अधिकारी बाईकडे वळला. "चौतीस आत होते, चौतीस बाहेर आहेत. सगळे आले."

"फर्गस नाही आला," लोसा म्हणाली.

रसलनं फोन बघितला. "फर्गस आज आलेलाच नाही. नोंद नाही त्याची."

"त्याचा कप हुकावर नाही. हिरवा, कान तुटलेला."

"आला असेल आणि गेला असेल."

"तो जाताना कप धुऊन टांगून जातो. चार वर्षांत एकदाही चुकलेला नाही. तो आत आहे."

तेव्हा ब्रायडीच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. नाकापर्यंत टोपी. दोन्ही हातांत पिशव्या. "मी दार धरलं होतं त्याच्यासाठी!" ती किंचाळलीच. "सकाळी! तुमच्या मागून! त्यानं फोन टेकवलाच नाही दाराला!"

फर्गस पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायचा. आंधळ्यांसाठी, प्रवासात ऐकणाऱ्यांसाठी. मजल्याच्या टोकाला आवाज आत-बाहेर न जाणारी एक छोटी खोली होती, तिथं कानाला हेडफोनचे ते मोठे डबे लावून तो तासन्‌तास बसे. घंटा वाजली तर आत लाल दिवा लागायचा, पण पावसाचे दिवस आले की फर्गस ओला कोट नेमका त्या दिव्यावर टांगायचा. लोसा त्याला त्यावरून दहादा रागावली होती.

"तिसरा मजला," लोसानं अधिकारी बाईला सांगितलं, "मागच्या जिन्यानं वर, डावीकडं, अगदी शेवटचं दार. धक्का द्यावा लागतो, दार जड आहे."

तोंडाला मुखवटे लावून बंबाचे दोघे जण आत गेले. चार-पाच मिनिटं लागली असतील. ब्रायडीनं लोसाचा हात धरला होता. फुटपाथवर सगळे वरच्या खिडक्यांकडे बघत होते. फर्गसचं आडनाव त्यांतल्या कितीजणांना ठाऊक होतं, देव जाणे.

मग तो आला. खोकत, ओल्या फडक्यात तोंड गुंडाळून, हातात मायक्रोफोन तसाच.

"दार उघडलं तेव्हा कुठं वास आला," तो म्हणाला. "मी आपला वाचतोय. गोष्टीत माझा खून व्हायला दोनच पानं राहिली होती."

लोक हसले, मधमाश्यांचा धाकटा भाऊ तर हसता हसता रडायलाच लागला. लोसानं फर्गसच्या खांद्यावर एक सणसणीत चापट मारली. "दिव्यावर कोट! दिव्यावर कोट टांगतोस! पुन्हा टांगलास तर तुलाच टांगीन त्या हुकाला!" आणि मग त्याला जवळ घेऊन बराच वेळ सोडलंच नाही.

रसल भिजत उभा होता. "ती फळी त्यासाठी आहे?" त्यानं हळूच विचारलं.

"नेव्हिल म्हणून एक होता," लोसा म्हणाली. "एकटा राहायचा, खिडकीजवळ बसायचा. एकदा नऊ दिवस आला नाही. घरी पडला होता, कंबर मोडून. वाचला, पण नऊ दिवस, बाबा! भाडं भरलेलं होतं, म्हणून कुणी विचारलं नाही. मीसुद्धा नाही. दहाव्या दिवशी मी फळी आणली. रोज सकाळी अकराला बघते. ज्याचा कप हुकावरच, त्याला फोन करते."

ब्रायडी तिच्याशेजारी तीन वर्षं बसत होती. हे अकराचे फोन तिनं रोज ऐकले होते. तिला वाटायचं, आँटी गप्पा मारते.

दुपारी साडेतीनला वर जायला मिळालं. धुराचा वास होता, बाकी काही बिघडलं नव्हतं. लोसा तडक सिंकपाशी गेली. रसलनं ब्रायडीला पुन्हा काचेच्या खोलीत बोलावलं, आणि या खेपेला तिनं त्याला बोलूच दिलं नाही.

"लिहा," ती म्हणाली. "लिहा की ब्रायडी हॅनरहन मूर्ख आहे. लिहा की जिला एकटीला ठेवताय तिनंच आज त्या माणसाला नोंदीशिवाय आत घेतलं. आँटी जाणार असेल तर मीही जाणार, हेही लिहा."

"दोघीही राहताय," रसल म्हणाला. "लिहून झालं. फळी राहील. प्रत्येक शाखेत एकेक लावायला सांगितलंय. आणि तुझ्या तक्रारीवर लिहिलंय, कप न्यायला चाकांची गाडी द्यावी. तक्रार खरीच होती."

ब्रायडी खुर्चीत बसली.

"एक दाखवतो," तो म्हणाला. "दाखवायला नको, पण दाखवतो. हा तिचा फॉर्म. सोमवारी वाचला तेव्हा मला वाटलं, बाईंना प्रश्नच कळले नाहीत."

काय आवडतं, याखाली लोसानं लिहिलं होतं, "सोमवारची सकाळ."

काय आवडत नाही, याखाली: "शनिवार-रविवार. सगळे कप हुकांवर असतात."

ब्रायडीनं ते दोनदा वाचलं. मग ती उठली, सिंकपाशी गेली, बाह्या वर केल्या आणि लोसाच्या हातातला हिरवा कप काढून घेतला.

"शनिवारी काय करतेयस, आँटी?"

"का? कप धुवायचेत?"

"माझ्याकडं ये जेवायला. कान न तुटलेले कप दोनच आहेत माझ्या घरी."

लोसानं फडकं खांद्यावर टाकलं आणि तिच्याकडं नीट बघितलं. "अकरा वाजता येईन," ती म्हणाली. "नाही आले तर फोन कर."