उजवी बाजू

नानासो कदम टीव्हीवर आजवर अकरा वेळा मेले. हार्ट अटॅकनं पाच वेळा, अपघातात तीनदा, एकदा विहिरीत ढकलून, एकदा सुनेनं दुधात काहीबाही घालून, आणि एकदा तर नुसते तीर्थयात्रेला गेले ते परत आलेच नाहीत, कारण चॅनेलनं मालिकाच गुंडाळली. सरपंच, सावकार, कीर्तनकार, बैलांचा दलाल, पोरीच्या लग्नात फेटा सावरत रडणारा बाप, म्हणाल ते काम त्यांनी केलं. चौतीस वर्षं केलं. साताऱ्याच्या स्टँडवर उतरले की रिक्षावाले त्यांना खऱ्या नावानं हाक मारत नाहीत, चालू मालिकेतल्या नावानं मारतात, आणि नानासोही ओ देतात. नटाला यापेक्षा मोठं बक्षीस कुठलं असतं, तुम्हीच सांगा.

पण एक गोष्ट त्यांनी कधी केली नाही. टीव्हीवर वर्दी घातली नाही. पोलिसाची नाही, फौजीची नाही, साधी फॉरेस्ट गार्डाचीसुद्धा नाही. हे कुणाच्या ध्यानातही आलं नव्हतं, कारण न केलेलं काम दिसतं कुणाला?

त्याचं कारण आटपाडीजवळच्या त्यांच्या गावात होतं. वडील, म्हणजे आबा, फौजेत हवालदार. दोन लढाया पाहून आलेले. थोरले बंधू लालासाहेब अठराव्या वर्षी भरती झाले ते सुभेदार होऊनच घरी परतले. घर असं की पोरगं जन्मलं की आधी त्याची लांबी बघायची. नानासोही भरतीला गेले. उंची भरली, छाती भरली, धावण्यात तर पहिले आले, आणि डॉक्टरनं ओले पाय फरशीवर ठेवायला लावले तिथं घोडं अडलं. तळवे सपाट. अनफिट. त्या गावात इंग्रजी कुणाला येवो न येवो, हा एक शब्द सगळ्यांना समजत होता.

मग नानासो कुपवाडला एका वर्कशॉपात लेथवर लागले. संध्याकाळी हात धुऊन सायकल हाणत सांगली गाठायची आणि नाटकाच्या तालमीत उभं राहायचं. तिथं त्यांना पहिलं मोठं काम मिळालं ते नेमकं जवानाचं. सांगलीचा प्रेक्षक टाळीला हात आखडता आणि चुका काढायला मोकळा, पण त्या दिवशी टाळ्या थांबेनात. नानासोंना आभाळ ठेंगणं झालं. आणि मेकअपच्या खोलीत बघतात तर दारात आबा उभे. सुट्टीवर आलेले लालासाहेब मागं.

आबा रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "पलटणीनं तुला घेतलं न्हाई, त्यात तुझा दोष न्हाई बाळा. पर न घेतलेल्या माणसानं वर्दी अंगाला लावू नये. सोंगात बी न्हाई."

नानासोंनी अर्धवट काढलेला तो जवानाचा सदरा पुरता उतरवला, घडी घातली आणि आबांचे पाय धरून शब्द दिला. लालासाहेब काही बोलले नाहीत. बोलले नाहीत ते बोललेच नाहीत. त्या दिवसापासून धाकट्या भावाच्या अभिनयाबद्दल त्यांच्या तोंडून बरं नाही की वाईट नाही.

दिलेला शब्द नानासोंना महागात पडला. टीव्हीवर जम बसत होता तेव्हा एका मालिकेत फौजदाराचं काम चालून आलं. मुख्य काम. नानासोंनी नको म्हटलं, कारण सांगितलं नाही. ते ज्यानं केलं तो वर्षभरात घराघरांत पोचला, आणि नानासो पुन्हा कुणाच्या तरी बापाचं काम करायला गेले. लोक म्हणाले, कदमांच्या कपाळातच नाही. नानासो हसायचे. दिलेल्या शब्दाचं त्यांना कधी वाईट वाटलं नाही. उलट आरशासमोर बसताना छाती जरा फुगायचीच. कुसळ होतं ते दुसरंच. आबा जाऊन वीस वर्षं झाली, आता घरात वडीलधारे म्हणजे दादा, लालासाहेबच, आणि गावाकडच्या वहिनी सांगायच्या, "भावजी, तुमची शिरेल लागली की ह्ये उठत्यात आन गोठ्यात जाऊन बसत्यात." सगळा जिल्हा बघतो आणि सख्खा भाऊ पाठ फिरवतो. गोळ्या खाऊन झोप लागेल, पण हे कुसळ निघेल कसं?

आता चालू मालिकेत नानासो आप्पा झाले होते. सीमेवर मुलगा गमावलेला शेतकरी. सातारा-वाई रस्त्यालगतच्या एका भाड्याच्या घरात शूटिंग चालायचं. मागच्या मंगळवारी जो भाग दाखवला त्यात पलटणीचे दोन साहेब मुलाची ट्रंक आणि त्याचं मेडल घेऊन घरी येतात, असं होतं. आप्पा त्यांना सलाम ठोकतो, असं कागदावर लिहिलेलं. नानासोंनी हात उचललाच नाही. नुसते पाय जुळवून ताठ उभे राहिले. अहो, बोडक्या डोक्यानं सलाम करत नाहीत, हे फौजीच्या घरातल्या मांजरालासुद्धा ठाऊक असतं. दिग्दर्शक शौनकला वाटलं, काय अभिनय केलाय म्हाताऱ्यानं, आणि त्यानं तसंच ठेवलं.

शौनक पोरगा पुण्याचा, गुणी, पण त्याच्या मागं कायम चॅनेलचा फोन. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी सव्वीस जानेवारीच्या भागाचं शूटिंग लागलं. शाळेत झेंडावंदन, आप्पा मुलाचं मेडल कोटाला लावून येतो, असा प्रसंग. ड्रेसवाल्या मयूरीनं कोट आणला, मेडल डाव्या छातीवर टाचलेलं. नानासोंनी ते काढलं आणि उजवीकडं लावलं.

शौनक धावत आला. म्हणाला, नाना, चुकून उलटं लागलंय. नानासो म्हणाले, सुलटं आहे. ज्यानं मिळवलं त्यानं डावीकडं लावायचं, आणि तो गेल्यावर घरच्यांनी लावायचं ते उजवीकडं. शौनकनं कपाळाला हात लावला. मालिकेच्या पोस्टरवर आप्पाचं मेडल डावीकडं छापून झालं होतं. बघणारे म्हणतील मालिकावाल्यांना एवढंही कळत नाही, आणि चॅनेलवाले म्हणतील दिग्दर्शकाला कळत नाही. मग त्यानं आवाज उतरवून खरं ते सांगितलं. आप्पाचा ट्रॅक, म्हणजे मालिकेतली त्याची गोष्टच, पुढच्या महिन्यात कापायचं वर घाटत होतं. तो नानांसाठी भांडत होता. अशा वेळी हट्ट नको.

नानासोंनी मनात हिशोब मांडला. चौसष्टाव्या वर्षी कापलेला नट पुन्हा कोण उभा करतो? बारावं मरण आणि तेही कायमचं. डावीकडं लावलं असतं तर कुणाचं काय बिघडलं असतं? पण डोळ्यांसमोर दादा उभे राहिले. गावच्या झेंडावंदनाला दरसाल तसेच यायचे. डावीकडं स्वतःची मेडलं, उजवीकडं आबांची. नानासो चपला काढून शाळेच्या पायरीवर बसले. म्हणाले, डावीकडं लावायचं असेल तर कोटात दुसरा माणूस घाला.

बोलावलेली शाळेची पोरं उन्हात कंटाळली, लाइटवाले सावलीला गेले. शेवटी शौनक शेजारी येऊन बसला आणि म्हणाला, मला नुसतं कुणा माहितगाराच्या तोंडून ऐकवा, मी चॅनेलशी भांडतो. माहितगार! नानासोंना माहितगार एकच ठाऊक होता, आणि त्याला सोंगाच्या कामासाठी त्यांनी जन्मात फोन केला नव्हता. दादा म्हणाले असते, तुझ्या तमाशात मला ओढू नको, तर? चारचौघांत? तरी त्यांनी नंबर लावला आणि स्पीकर चालू केला.

नानासोंनी चाचरत विचारलं. दादा, एका कामात मेडल लावायचंय, कुठल्या बाजूला? पलीकडून आधी म्हशीचं हंबरणं ऐकू आलं.

"पोरानं मिळवलंय, बाप लावतोय," लालासाहेब म्हणाले. "मग उजवीकडं. त्यात इचारायचं काय?"

शौनकनं मान डोलावली. नानासोंची मात्र मान तशीच राहिली. पोराचं मेडल बाप लावतोय, हे तर त्यांनी सांगितलंच नव्हतं.

"आन मंगळवारी तू बोडक्या डोक्यानं सलाम ठोकला न्हाईस," लालासाहेब पुढं म्हणाले, "लय बेस केलंस. दुसरा कुणी असता तर ठोकला असता."

"दादा, तुमी बघता?"

"गोठ्याच्या खिडकीतनं समोरच दिसतोय टीव्ही. समद्यांसमोर डोळं पुसायला मला जमत न्हाई, म्हणून तिकडं बसतोय. सव्वीसला गावी ये." आणि फोन बंद.

नानासोंनी चपला घातल्या, कोट घातला आणि कॅमेऱ्यासमोर जाऊन उभे राहिले. एका टेकमध्ये प्रसंग झाला. लाइटवाल्यांनी टाळ्या वाजवल्या, मयूरी डोळे टिपत बसली. शौनकनं चॅनेलला तिथूनच फोन लावला आणि उजवी बाजू म्हणजे काय ते, जन्मापासून ठाऊक असल्यासारखं, दहा मिनिटं समजावून सांगितलं.

सव्वीसला पहाटेच नानासो गावी पोचले. लालासाहेब आंघोळ करून, ब्लेझर चढवून सोप्यात बसले होते. डावीकडं त्यांची मेडलं चमकत होती. उजवी बाजू मोकळी. समोर आबांची पत्र्याची पेटी उघडी होती.

"औंदा आबांची तू लाव," ते म्हणाले.

नानासो दोन पावलं मागं सरले. दादा, मी आबांना शब्द दिलाय, म्हणाले. न घेतलेल्या माणसानं...

"ते वर्दीचं. वर्दी पलटण देती. उजवी बाजू पलटणीची नसती, ती लेकाची असती." लालासाहेबांनी मेडलांची पट्टी उचलली आणि भावाच्या कोटावर स्वतःच्या हातानं टाचायला घेतली. मान खाली घालूनच ते बोलत होते. "त्ये फौजदाराचं काम सोडलंस, त्ये सांगलीच्या एकाकडनं कळालं हुतं आबांस्नी. चार दिवस गावभर सांगत हिंडलं म्हातारं, माझ्या पोरानं शब्द पाळला म्हणून. तुला तेवढं सांगितलं न्हाई. आमच्यात कुणाला जमलंय बोलाया?"

नानासो रडले. टीव्हीवर ते हजार वेळा रडले असतील, ग्लिसरीन न घालता रडणारा नट म्हणून त्यांचं नाव होतं, पण ह्या रडण्याला नाकातून पाणी आलं आणि ते उपरण्यानं पुसावं लागलं. वहिनी आतून चहा घेऊन आल्या आणि तशाच मागं वळल्या.

दोघं भाऊ शाळेकडं चालत निघाले. थोरल्याची डावी बाजू भरलेली, धाकट्याची उजवी. पोरं नानासोंच्या भोवती गोळा झाली, कुणी मोबाइल काढला, आणि दूध संघातल्या विश्वजीतनं लांबूनच विचारलं, "आप्पा, आज गावात शूटिंग हाय व्हय?"

नानासो सवयीनं ओ देणार, इतक्यात लालासाहेब थांबले. आयुष्यभर हुकूम सोडलेला तो आवाज अख्ख्या मैदानाला ऐकू गेला.

"शूटिंग न्हाई. ह्यो हवालदार कदमांचा धाकटा लेक हाय."