चोनानं दिलेली वेळ

मार्चच्या सुट्टीत कॉलेजातल्या पोरांनी समुद्रावर जायचं, हा टेक्सासात आता धर्मच होऊन बसला आहे. लबकच्या वसतिगृहातला यारेलीचा अख्खा मजला शुक्रवारीच पाद्रे बेटाकडे पळाला. यारेलीनं मात्र ‘वाळू काय, तिकडेही पोटभर आहे’ असं सांगून आपल्या मैत्रिणीला, ब्रिसाला, पटवलं. ओडेसात आजोबांच्या घरी शनिवारची रात्र काढली आणि रविवारी उजाडता उजाडता आजोबांचा जुना पिकअप दक्षिणेकडे वळवला. तिकडे डांबर संपतं आणि मग नदीच लागते. नदीपलीकडे मेक्सिको.

आजोबा खिडकीशी बसले होते. मध्ये ब्रिसा, गुडघ्यात गिअरचा दांडा सांभाळत.

यारेलीला लहानपणापासून एक खोड होती. झाकलेलं भांडं दिसलं की तिला राहवत नसे, उघडून बघायचंच. तिच्या घरातलं सगळ्यांत घट्ट झाकलेलं भांडं म्हणजे हे आजोबा. हासिंतो त्यांचं नाव. चाळीस वर्षं तेलाच्या विहिरींवर पाइप जोडले, पाच पोरं वाढवली, आणि नदीपलीकडच्या आपल्या गावाबद्दल, सान इसिद्रोबद्दल, कधी तोंडातून ब्र काढला नाही. घरात सगळ्यांना एवढंच ठाऊक होतं, की आजोबांची आई वारली तेव्हा ते मातीला गेले नाहीत. म्हणून थोरल्या बहिणीनं, चोनानं, त्यांचं नाव टाकलं. त्याला आता तीस वर्षं होत आली.

आणि महिन्यापूर्वी कुणाच्या तरी फोनवरून चोनाचा निरोप आला. अमक्या रविवारी, दुपारी तीनला, नदीच्या उतारापाशी ये. मी एकदाच येणार. पुन्हा बोलावणार नाही.

आजोबांनी त्या सकाळी दोनदा दाढी केली होती. आदल्या रात्री घरातली सगळी घड्याळं त्यांनी स्वतः तासभर पुढं केली होती, दर वसंतात सरकार करायला लावतं तशी. भिंतीवरचं, चुलीवरचं, मनगटावरचं. कायद्याच्या बाबतीत हा माणूस असा की रस्ता रिकामा असला तरी लाल दिव्याला थांबणार.

“आजोबा, तिला काय सांगणार आहात?” मार्फा गाव मागं पडल्यावर यारेलीनं विचारलं.

“समोर बघून गाडी चालव.”

“समोर काहीच नाहीये! अर्ध्या तासात एक गाय दिसली.”

“मग पुढची गाय कधी येते ते बघ.”

ब्रिसाला हसू आवरेना. “पण आजोबा, तीस वर्षांचं भांडण, आणि बाईनं वेळ दिली दाताच्या डॉक्टरसारखी?”

“तू चोनाला बघितलं नाहीस, पोरी. ती तीन म्हणाली म्हणजे तीन. आमचा बाप घोड्याला भीत नसे, पण हिला भ्यायचा.” मग त्यांनी हातातल्या टोपीची कड बोटांनी चाचपली. “उशीर झाला तर ती थांबायची नाही. आणि मीही पुन्हा येऊ शकेनसं वाटत नाही. या कमरेनं आता एवढा रस्ता सोसवत नाही.”

एवढं सलग बोलताना यारेलीनं त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

प्रेसिदिओ गावानंतर नदीकाठचा रस्ता सुरू झाला. कडेला निळी रानफुलं दाटीनं उगवली होती आणि ओकोतियोच्या झुडपांच्या काटेरी काठ्यांना शेंड्याशेंड्याला लाल तुरे आले होते. समोरून सीमेवरच्या पहारेकऱ्यांची पांढरी गाडी आली. आजोबांनी एक बोट वर केलं, त्या चालकानंही स्टिअरिंगवरचं एक बोट वर केलं. बस, ओळखदेख संपली. ब्रिसानं वाटेत घेतलेले अंडं-बटाट्याचे बुर्रितो काढले. दोघींनी खाल्ले, आजोबांनी आपला तसाच कागदात गुंडाळून ठेवला.

डांबर संपलं, खडी संपली, मग नुसत्या चाकोऱ्या राहिल्या. पोचले तेव्हा तीनला थोडा अवकाश होता.

एवढी नावाजलेली नदी, पण इथं ती रुंदीला गावच्या रस्त्यापेक्षा फार नव्हती. मातकट पाणी, सावकाश चाललेलं. पलीकडे वाट वर चढत होती, चार-सहा मातीची घरं, एक पांढरं देऊळ आणि त्याच्यामागं टेकडीवर क्रूसांची गर्दी. एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत माणसाची हाक सहज पोचेल एवढंच अंतर. आजोबा काठाशी टोपी हातात धरून उभे राहिले, शाळेत शिक्षा झालेल्या पोरासारखे.

तीन वाजले. पलीकडे एक कुत्रं येऊन पाणी पिऊन गेलं.

“बसा ना जरा,” यारेली म्हणाली.

“ती आली आणि मी बसलेला दिसलो तर?”

सव्वातीन झाले. आजोबा उभेच. मग हळूहळू त्यांचे खांदे उतरले आणि ते एका दगडावर टेकले. ब्रिसा शहाणी, ती फुलांचे फोटो काढायच्या निमित्तानं लांब गेली. यारेली मात्र तिथंच उकिडवी बसली. आता काही विचारू नये, हे तिला कळत होतं. कळूनही ती म्हणालीच, “आजोबा, तुम्ही मातीला का नाही गेलात?”

ते रागावतील असं तिला वाटलं होतं. त्यांनी नुसती मान वळवली आणि काठावरच्या बोरूच्या दाट बेटाकडे बोट केलं.

“तिथं होतो मी.”

“कुठं?”

“त्या बोरूत. निरोप मिळाला तसा रात्रभर गाडी हाकत आलो. माझे इथले कागद तेव्हा व्हायचे होते, आज होतील, उद्या होतील. वकिलानं बजावलं होतं, हासिंतो, आता देशाबाहेर पाऊल टाकलंस तर सगळं गेलं. तुझी आई तेव्हा शाळकरी पोर होती.” त्यांनी पलीकडची चढण दाखवली. “त्या वाटेनं वर नेली माझ्या आईला. सगळं गाव होतं. मी इथून बघितलं. मग उलटा फिरलो आणि सोमवारी कामावर गेलो.”

“आणि हे तुम्ही कुणालाच सांगितलं नाहीत?”

“सांगून काय? जायला हवं होतं तिथं गेलो नाही, हे खरंच ना? नंतर कागद आले. पण मग कुठलं तोंड घेऊन जाणार होतो?” त्यांनी घड्याळ बघितलं. “तेवढं एकच तिला सांगायचं होतं. मी आलो होतो म्हणून. राहिलं आता.”

ते उठले. कमरेवर हात ठेवून, दुखणं दातांत धरून, पिकअपपर्यंत गेले, आत बसले आणि दार ओढून घेतलं. “चल,” खिडकीतून ते म्हणाले. “मी काही भीक मागायला आलो नव्हतो.”

यारेलीला रडू यायला लागलं आणि त्याहून जास्त संताप आला. असली कसली बाई ही? एवढं बोलावून घेते आणि येत नाही? ती तरातरा पाण्याच्या कडेला गेली. पलीकडे एक म्हातारा शेळ्या घेऊन उतरत होता. तिनं तोंडाभोवती हात धरले.

“ओ काका! चोनाबाई कुठायत?”

“कोण गं तू?” तिकडून हाक आली.

“हासिंतोची नात! तिला सांगा, आम्ही तीनपासून ताटकळतोय!”

म्हातारा चक्रावलाच. “कसले तीन? तीनला अजून अवकाश आहे!”

“चार वाजायला आले!”

“ते तुमच्या सरकारचे!” त्याला आता मजा वाटायला लागली होती. “इथं आम्ही देवाची वेळ पाळतो, बाई! शेळीला घड्याळ पुढं केलेलं कळत नाही! पाद्री आलाय आज, प्रार्थना आत्ता सुटेल. चोना पहिल्या बाकावर आहे, काळी शाल घेऊन. सकाळपासून कुणाला जवळ येऊ देत नाहीये!”

यारेली धावली ती चपलेसकट वाळूत रुतत. “आजोबा! तिकडे अजून तीन वाजलेच नाहीत! त्यांची घड्याळं जुन्याच वेळेवर आहेत!”

आजोबा तिच्याकडे बघत राहिले. मग मनगटाकडे. मग त्यांनी कपाळावर हात मारून घेतला.

“देवाची वेळ! अरे गाढवा हासिंतो! लहान असताना मीच आल्यागेल्याला सांगायचो, सरकारचा तास इथं चालत नाही म्हणून. आणि काल रात्री मीच, या हातांनी...” त्यांना हसू फुटलं. इतक्या वर्षांत यारेलीनं त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. हसता हसताच ते खाली उतरले आणि टोपी झटकून काठाकडे चालू लागले.

देवळातून लोक बाहेर पडले ते थेट नदीकडेच. बातमी गावभर झालेली असणार, त्यात फुकटचा खेळ कोण सोडतो? दोघांनी तर खुर्च्या आणल्या होत्या. सगळ्यांच्या पुढं, हातात काठी घेऊन, एक मूठभर बाई येत होती. काळी शाल. पाण्याच्या कडेला येऊन ती थांबली, आणि मागची सगळी गर्दीही थांबली.

“आला का तो?” तिनं कुणालाच न बघता विचारलं. आवाज मात्र बाईच्या आकाराला न शोभणारा होता.

“आलोय,” आजोबा म्हणाले.

“मोठ्यानं बोल! तेलाच्या विहिरीत आवाजही टाकून आलास का?”

“आलोय, चोना!”

“किती वेळ झाला?”

“तास होईल.”

“मला तर फार झाला,” ती म्हणाली.

आजोबा रस्ताभर मनाशी जुळवून आणलेलं सगळं विसरले असणार. कारण त्यांनी एकदम, सगळ्या गावादेखत, ओरडूनच सांगितलं, “मी त्या दिवशी आलो होतो! आईच्या मातीला! इथंच उभा होतो, या बोरूत! पलीकडे यायची छाती झाली नाही माझी!”

खुर्चीवरचा एकजण उठून उभा राहिला.

“माहीत आहे मला,” चोना म्हणाली.

“काय माहीत आहे?” आजोबांनी ओरडून विचारलं.

“पांढरी टोपी घालून कुणी लपतं का, मूर्खा? अख्ख्या गावानं बघितली तुझी टोपी.”

“मग हाक का नाही मारलीस?” आजोबांचा आवाज फाटला. “तीस वर्षं, चोना! एक हाक मारायची होतीस!”

“कशी मारणार?” ती कडाडली, आणि मग एकाएकी तिचा आवाज उतरला. तो ऐकायला यारेलीला पाण्यात पाऊल टाकावं लागलं. “पेटीला घरातला चौथा माणूस नव्हता. तुझ्या जागी मी खांदा दिला होता. आई माझ्या खांद्यावर होती, हासिंतो. तिला घेऊन वळून बघत होते सारखी. म्हटलं, आता हा हाक मारेल. देवळापर्यंत वाट बघितली. वर टेकडीपर्यंत बघितली.”

आजोबांनी टोपी डोळ्यांवर धरली. यारेलीला आयुष्यात पहिल्यांदाच काही विचारावंसं वाटलं नाही. ती त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

“आता काय, रडत तिथंच राहणार का?” पलीकडून हाक आली. “मध्यापर्यंत ये. मध्यापर्यंत तुझाच देश आहे, कुणी धरत नाही. उरलेलं अर्धं माझ्याकडे लागलं!”

आजोबा दगडावर बसून बुटाचे बंद सोडू लागले. यारेली मदतीला वाकली, तर त्यांनी तिचा हात बाजूला केला. एक बूट निघाला, दुसरा निघेना. त्यांनी वर बघितलं. चोना चपला काढायला थांबलीच नव्हती. काठी कुणाच्या तरी हातात देऊन ती केव्हाच पाण्यात उतरली होती.