भरीव दार

मिस्त्रींना दोन गोष्टींचा अभिमान होता, आपल्या हाताचा आणि आपल्या कानाचा. नुसता हाताचा असता तर कुणाचं काही बिघडलं नसतं. घोळ केला तो कानाने.

त्यांची सहा मजली इमारत आज जिथे आहे तिथे पूर्वी बंद पडलेला कारखाना होता आणि त्याच्याभोवती गळक्या खोल्यांच्या चार रांगा. त्या रस्त्याने माणूस दिवसासुद्धा पाय उचलून चालायचा. मग नगरपालिकेच्या मनात आलं, की इथे सगळ्या थरांतल्या लोकांनी एकत्र राहावं. निम्मी घरं बाजारभावाने विकायची, निम्मी आसपासच्या जुन्या रहिवाशांना सोडत काढून सवलतीत द्यायची. अट एकच. कुठलं घर कसलं, हे बाहेरून कळता कामा नये. एक जिना, एक लिफ्ट, सगळ्या दारांना एक रंग, आणि यादी कार्यालयातल्या कपाटात बंद. दोन वर्षांत खाली दुकानं आली, बस थांबायला लागली, बाकांवर म्हातारी माणसं बसायला लागली. योजना फळाला आली, असं सगळेच म्हणत होते.

अट पाळली होती हे खरं, पण कंत्राटदाराने काटकसर केली ती दारांच्या पोटात. विकायच्या घरांना भरीव लाकडाचं दार. सोडतीच्या घरांना पोकळ, म्हणजे दोन बाजूंना पातळ फळ्या आणि मधे पुठ्ठ्याची जाळी. वरून रंग मारला की ब्रह्मदेवालाही फरक कळू नये. तो ठाऊक होता एकट्या मिस्त्रींना, कारण सगळी दारं त्यांनीच बसवली होती.

मिस्त्री स्वतः तिसऱ्या मजल्यावर राहायचे. घर सोडतीतच लागलेलं. पण एका भरीव दाराचा कोपरा उडाला म्हणून ते बाद झालं, तेव्हा कंत्राटदार म्हणाला, "घेऊन जा तुम्ही." मिस्त्रींनी कोपरा सांधला, रंधा फिरवला आणि ते आपल्या चौकटीला लावलं. यात चोरी नव्हती, हौस होती. लोक मात्र धरून चालले, की एवढा मोठा मिस्त्री, कंत्राटदाराच्या मर्जीतला, त्याने घर विकतच घेतलं असणार. मिस्त्रींनी हा समज करून दिला नाही. मोडलाही नाही. असे समज अंगावर उबदार बसतात, कोण काढतो!

एका रविवारी तळमजल्यावर गप्पा रंगल्या होत्या. बँकेतून निवृत्त झालेल्या बाई इमारतीच्या अध्यक्ष होत्या. त्या म्हणाल्या, "काही म्हणा, घरं इतकी सारखी केलीत की तुम्हालासुद्धा ओळखता यायची नाहीत, मिस्त्री."

झालं. तोंडावर मारल्यासारखं वाटलं त्यांना. तीस वर्षं लाकडात घालवलेल्या माणसाला दार ओळखता येत नाही? "डोळे बांधून ओळखतो," ते म्हणाले, आणि खरंच डोळे मिटून पहिल्या मजल्यावरून चालत गेले. बोटाचं पेर दारावर मारायचं, कान द्यायचा आणि म्हणायचं, "भरीव. पोकळ. पोकळ. भरीव."

"म्हणजे पोकळ ती सोडतीची?" बाईंनी विचारलं.

"दुसरी कुठली असणार?"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मिस्त्रींच्या अंगावर मूठभर मांस चढलं. घरी येऊन त्यांनी सगळा पराक्रम बायकोला सांगितला. ती भांडी पुसत होती, ती थांबली.

"अहो, त्या शिवणवाल्या ताईंचंही दार वाजवलंत?"

"वाजवलं की. पोकळ."

"स्वतःचं नाही वाजवलंत?"

मिस्त्री हसायला गेले, आणि हसू अर्ध्यावरच राहिलं.

माणूस स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतो तेव्हा निदान बोंब तरी मारू शकतो. मिस्त्रींचा धोंडा पडला होता दुसऱ्यांच्या पायावर. आठवडा गेला नाही तोच जिन्यात ठकठक सुरू झाली. पोरांनी तर खेळच केला. दार वाजवायचं, ओरडायचं आणि पळायचं. "पोकळवाले" हा शब्द आधी पोरांच्या तोंडी आला, मग मोठ्यांच्या, तोही आवाज खाली न आणता. लिफ्टमध्ये कोणी कोणाशी बोलायचं, हेही ठरून गेलं. मिस्त्रींशी सगळे बोलत होते. त्यांच्या दारावर कुणीतरी टकटक करून पाहिलं होतं. भरीव.

शिवणवाल्या ताई तळमजल्याच्या सामाईक खोलीत दुपारी मुलींना शिवण शिकवायच्या. चार मशिनं, दहा-बारा मुली, दोन्ही तऱ्हांच्या घरांतल्या. या इमारतीत लोक खरोखर एकत्र बसत असतील तर त्या एकाच खोलीत. महिन्याभरात सभा लागली. विषय होता त्या खोलीचा.

अध्यक्षबाई गोड बोलल्या. वाईट बातमी गोड आवाजात सांगायची सवय त्यांना बँकेतच लागली असावी. "कुणाला कमी लेखायचं नाही. पण ज्यांनी पूर्ण किंमत भरली त्यांचा खोलीवर पहिला हक्क असावा. तिथे व्यायामाची यंत्रं आणायची आहेत. आणि देखरेखीला पूर्ण किंमत भरलेल्यांतलेच तिघं. एक नाव मी मिस्त्रींचं सुचवते. आपल्यातला जाणकार माणूस आहे."

आपल्यातला! मिस्त्रींची कानशिलं तापली. आत्ता उठावं, म्हणावं, बाई, मीही सोडतीतलाच. चार शब्दांचं काम. त्यांनी बायकोकडे पाहिलं, ती पायांकडे बघत होती. मग वाटलं, आता बोललो तर लोक म्हणतील इतके दिवस फसवलंत. नंतर एकट्या बाईंना सांगू, नीट समजावून. पळपुट्या माणसाला "नंतर" फार आवडतं.

"ताई, तुम्हाला काही म्हणायचंय?" बाईंनी विचारलं.

ताई उभ्या राहिल्या. त्यांनी मिस्त्रींकडे पाहिलं, चांगले दोन श्वास पाहिलं. "नाही," म्हणाल्या आणि बसल्या.

"मग अनुकूल असणाऱ्यांनी हात वर करा."

हात वर झाले. शेजारचा माणूस मिस्त्रींना कोपराने ढोसून म्हणाला, "तुमचा?" आणि मिस्त्रींचा हात, ज्याचा त्यांना एवढा अभिमान होता, तो वर गेला.

त्या दिवशी बायको त्यांच्याशी एक अक्षर बोलली नाही. जेवण वाढलं, पाणी ठेवलं, आणि खिडकीशी जाऊन बसली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हत्यारांची पिशवी घेऊन मिस्त्री पहिल्या मजल्यावर गेले. दार वाजवायला बोट उचललं आणि शरमेने खाली घेतलं. त्यांनी घंटा दाबली.

ताईंच्या बाहेरच्या खोलीत चारही मशिनं येऊन पडली होती. खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती.

"ताई, माझ्या ओळखीच्या वखारीत चांगलं लाकूड आहे," मिस्त्री म्हणाले. "तुमचं दार बदलून देतो. भरीव. माझ्याकडून."

"आणि बाकीच्यांची?"

मिस्त्रींची नजर दाराच्या बिजागरीवर गेली.

"राहू द्या. या दाराने माझं काही अडलेलं नाही. बंद होतं, उघडतं. बसवलंय चांगलं तुम्ही."

ही शाबासकी त्यांना सोसवेना. पिशवीचा पट्टा हातात पिळत ते म्हणाले, "ताई, तुम्हाला एक सांगायचंय. माझं घरसुद्धा..."

"ठाऊक आहे," ताई म्हणाल्या. त्या मशिनवरची धूळ पुसत होत्या. "सोडतीच्या दिवशी मी तुमच्या मागच्याच रांगेत बसले होते. तुमची चिठ्ठी निघाली तेव्हा वहिनी रडायला लागल्या. मीच त्यांना पाण्याची बाटली दिली. तुमच्या लक्षात नसेल, तुम्ही आनंदात होतात."

मिस्त्रींनी पिशवी खाली ठेवली. "मग काल बोलला का नाहीत? एका वाक्यात मला उघडं पाडलं असतंत. खोलीही वाचली असती कदाचित."

ताईंनी फडकं झटकलं, घडी घातली आणि मशिनवर ठेवलं.

"मी कशाला बोलू?" त्या म्हणाल्या. "मी तुमच्याकडे बघत होते. मला वाटलं, आता उठाल."