मार्चपर्यंतचं घर

"ग्रँडबेरीला इमारतीबाहेर सोडू नकोस," व्हिन्स टॉर्टोरा दारातूनच म्हणाला. "आणि त्याच्या हातात फोन पडता कामा नये. तीनपर्यंत. जमेल ना?"

वांडा क्रुपाने मान हलवली. व्हिन्स तिच्या मानेकडे बघायलाही थांबला नाही, धाडधाड जिना चढून वर गेला.

फेब्रुवारीतला तो गुरुवार म्हणजे खेळाडूंच्या अदलाबदलीचा शेवटचा दिवस. तीनचा ठोका पडला की बाजार बंद, मग मोसम संपेपर्यंत ज्याच्याकडे जो खेळाडू असेल तो त्याचा. बफेलो मिलर्स या बास्केटबॉल संघाचा जनरल मॅनेजर म्हणून व्हिन्स सकाळपासून दोन्ही कानांना दोन फोन लावून बसला होता. वांडाचा या बाजाराशी काही संबंध नव्हता. एकोणीस वर्षं ती तळमजल्यावर बसून नव्या खेळाडूंचे संसार मांडून देत आली होती. भाड्याचं घर, पोरांची शाळा, दातांचा डॉक्टर, सासू आली तर विमानतळावर गाडी. कॉर्नेल ग्रँडबेरीच्या बायकोचे केस नीट विणून देणारी बाई शोधायला तिला चार दिवस लागले होते. सापडली, तेव्हा स्वतःलाच बक्षीस मिळाल्यासारखी ती खूश झाली होती.

कॉर्नेल सराव आटोपून जेवणघरात बसला होता. वय एकतीस, नऊ वर्षांत पाच संघ. नावाजलेला नव्हे, पण पडेल ते काम मुकाट्याने करणारा. सरावाच्या वेळी सगळ्यांचे फोन एका पेटीत जमा करायचे असा कोचचा नियम होता, आणि आज ती पेटी कुलूप लावून वांडाच्या टेबलाखाली ठेवली होती.

"या, मिस वांडा, बसा." त्याने पायाने खुर्ची सरकवली. "फोन कधी मिळणार? आज तो दिवस आहे. शेरिस घरी जीव मुठीत धरून बसली असेल."

"किल्ली कोचकडे आहे रे. येतीलच ते," वांडा म्हणाली. किल्ली तिच्या स्वेटरच्या खिशात होती.

"यंदा मला तशी काळजी नाही म्हणा. मला घेऊन कोण काय करणार?" तो हसला. मग इकडे तिकडे बघून त्याने कागदी रुमाल पुढे ओढला आणि पेनाने चौकोन काढायला लागला. "हे बघा. इथे स्वयंपाकघर. ही नोव्हाची खोली. खिडकीतून तळं दिसतं. पोरीला सात वर्षांत तिसरी शाळा, मिस वांडा. आता पुरे. अकरा मार्चला शेरिसचा वाढदिवस. डोळ्यांवर पट्टी बांधून नेणार तिला. तुम्ही यायचं, केक तुमच्याकडे."

"माझ्याकडे," वांडा म्हणाली, आणि तिने रुमालावरून नजर काढून घेतली.

त्याचं कारण तीन आठवड्यांपूर्वीचं होतं. एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच व्हिन्सने तिला वरच्या काचेच्या खोलीत बोलावलं होतं. लांबलचक टेबल, सहा माणसं, भिंतभर आकडे. "वांडा, या सगळ्या गणितवाल्यांपेक्षा तुला जास्त माहीत असतं," तो सगळ्यांसमोर म्हणाला. "उन्हाळ्यात ज्यांचे करार संपतात, त्यांच्यातलं कोण इथे मुक्काम ठोकणार आणि कोण उडून जाणार?" वांडाने वही उघडली. दोन-तीन नावं सांगितली. मग म्हणाली, "ग्रँडबेरी घराचा भाडेकरार पुढे वाढवत नाहीय. मार्चअखेर घर सोडतोय."

सहाच्या सहा पेनं कागदावर टेकली. वांडाला ते आवडलं, हे कबूल केलंच पाहिजे. घरी जाऊन तिने बहिणीला फोनवर दोनदा सांगितलं की मी बोलले आणि त्यांनी लिहून घेतलं. त्या वाक्याचा वर काय अर्थ लागला असेल हे तिला कळत नव्हतं असं नाही. खेळाडू जाणारच असेल, तर उन्हाळ्यात फुकट घालवण्यापेक्षा आत्ताच विकून चार गोष्टी पदरात पाडून घेतलेल्या बऱ्या. यात चूक काही नव्हती. माहिती तेवढी अर्धी होती.

उरलेली अर्धी दोनच दिवसांनी कॉर्नेलनेच आणून दिली. भाडेकरार वाढवला नव्हता, कारण तो इथेच घर विकत घेत होता. "पण वर कुणाला कळू देऊ नका," तो म्हणाला होता. "माझे करार करणाऱ्या एजंटने बजावलंय. मला इथेच राहायचंय असं त्यांना कळलं की नव्या कराराचा भाव पाडतील. शपथ घ्या."

वांडाने शपथ घेतली. आणि ती शपथ तिच्या फार सोयीची ठरली. वर जाऊन 'मी चुकले' एवढं सांगायला नव्या घराचं नाव काढण्याचीही गरज नव्हती. पण ज्या माणसांनी जन्मात पहिल्यांदा तिचं बोलणं लिहून घेतलं, त्यांच्यासमोर ते खोडायला सांगायचं तिच्या जिवावर आलं. रोज सकाळी ती जिन्यापर्यंत जायची आणि पाण्याची बाटली भरून परत यायची. असे तीन आठवडे.

भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं झाली. कॉर्नेल आता रुमालावर अंगण काढत होता.

"आलेच हं," म्हणून वांडा उठली आणि या वेळी खरंच जिना चढली. काचेच्या खोलीचं दार उघडून उभी राहिली.

व्हिन्सने एका फोनवर हात ठेवला. "काय गं? पळाला की काय?"

"नाही. खाली आहे. व्हिन्स, तो इथे खूश आहे."

"खूश सगळेच असतात. पगार घेतात, खूश असतात." कुणीतरी हसलं. "तूच म्हणालीस ना, मार्चमध्ये घर सोडतोय? त्यात काही बदल झालाय का?"

सहा तोंडं तिच्याकडे वळली. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. बदल झालाय, मी चुकीचं सांगितलं. पुढे चारजण विचारतील, कधी कळलं? तीन आठवडे झाले? मग गप्प का बसलीस?

"नाही," वांडा म्हणाली. "काही नाही."

"मग ठीक आहे. थँक यू, वांडा. तू नसतीस तर आम्ही याला फुकट घालवला असता."

खाली उतरताना तिने कठडा घट्ट धरला होता. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणतात ते तिला त्या बावीस पायऱ्यांत कळलं.

तीनला वीस कमी असताना व्हिन्सने कॉर्नेलला वर बोलावलं आणि सात मिनिटांत मोकळं केलं. पोर्टलंडच्या संघात रवानगी. त्याच्या बदल्यात मिलर्सना पुढच्या काही वर्षांत दोन नवे खेळाडू निवडायचा हक्क मिळाला, तोही दुसऱ्या फेरीतला, म्हणजे चांगले निवडून झाल्यावर उरतील त्यांच्यातून. त्यातली एक निवड इतकी लांबची, की तो खेळाडू आज कुठल्या तरी शाळेत गृहपाठ चुकवत बसला असेल.

कॉर्नेल बुटांची पिशवी घेऊन वांडाच्या टेबलाशी आला. तिने पेटी उघडून फोन दिला. किल्ली तिच्याच खिशातून निघाली, हे त्याला दिसलं असणार. वांडाला रडू फुटलं. त्यावर त्यानेच वाकून तिला जवळ घेतलं आणि पाठीवर थोपटलं.

"जाऊ द्या, मिस वांडा. धंदाच असा आहे. ते घर विकणाऱ्या बाईला तेवढं कळवा, ग्रँडबेरी येत नाही म्हणून."

संध्याकाळच्या विमानाने तो गेला. मागे राहिलेला संसार आवरणं हेही वांडाचंच काम. सोमवारी ती शेरिसला घेऊन नोव्हाच्या शाळेत गेली. शेरिस उंच, मोजकं बोलणारी बाई. एके काळी ती स्वतः दुसरीच्या वर्गाला शिकवायची. नवऱ्यामागून तिसऱ्यांदा गाव बदललं, तेव्हा तिने ते सोडलं.

शाळेतल्या कारकून बाईंनी दाखल्याचे कागद काढले. "अडीअडचणीला कुणाला फोन करायचा, तिथे तीन नावं आहेत. आई, वडील आणि वांडा क्रुपा. हे तिसरं आता खोडते," म्हणून त्यांनी पट्टी लावून सरळ रेघ मारली. आपलं नाव तिथे आहे हे वांडाला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

शाळा सुटायला पंधरा मिनिटं होती. दोघी गाडीत येऊन बसल्या. बाहेर बर्फाचे ढिगारे काळे पडले होते. काच धुरकटू नये म्हणून वांडाने गाडी चालूच ठेवली.

"घराचं सांगितलं त्याने मला," शेरिस म्हणाली. "फोनवर रडत होता. आणि काल एजंटला काढून टाकलं. अकरा वर्षांची दोस्ती. म्हणतो, आम्ही भाड्याचं घर सोडतोय हे वर त्यानेच सांगितलं असणार. दुसरं कुणाला ठाऊक होतं?"

वांडाने स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले.

"एजंटने नाही सांगितलं. मी सांगितलं."

मग तिने सगळं सांगितलं. काचेची खोली, भाडं, सहा पेनं. खरं कळल्यावरचे तीन आठवडे. गुरुवारी दारात उभं राहून 'काही नाही' म्हणाले, तेही. "शपथ दिली होती म्हणून गप्प बसले असं नाही," ती म्हणाली. "मला लाज वाटत होती. एवढ्याशा लाजेपायी मी तुमचं घर घालवलं."

शेरिसने दाखल्याच्या पाकिटाची कड नखाने दाबून सरळ केली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"त्याला सांगा," ती म्हणाली. "आजच. एजंट बिचारा उगाच मेला. माझ्यासमोर नका करू फोन, मला नाही ऐकवणार."

"आज करते."

"पोर्टलंडला तुमचं काम कोण करतं?"

"मार्सेला. मी बोललेय तिच्याशी. चांगली बाई आहे."

"तुम्हीपण चांगल्याच आहात की," शेरिस म्हणाली. टोमणा नव्हता. टोमणा असता तर वांडाला सहन झाला असता.

शेरिसने शाळेचं पाकीट मांडीवर पालथं घातलं आणि पर्समधून पेन काढलं.

"त्या मार्सेलाला काय काय सांगायचं नाही, ते मला सांगा. तुमच्याइतकं कुणाला माहीत असणार?"

वांडाने गाडी बंद केली. "घराचं भाडं," ती म्हणाली. "किती महिन्यांचं घेतलंय ते. मुलीच्या शाळेत पुढच्या वर्षाचं नाव घातलं की नाही, ते. तुमची आई किती दिवस राहायला येणार. झोप लागत नाही, करमत नाही, असलं काही नाही. कुठली डॉक्टर मिळेल का, हेसुद्धा विचारू नका. स्वतः शोधा."

शेरिस पाकिटाच्या पाठीवर लिहीत होती. अक्षर शाळेतल्या बाईंचं, सुटं आणि गोल.

"सावकाश," ती म्हणाली. "आणखी?"