शंभरांतल्या चाळीस जणी

मी एक जुना तक्ता आहे. कर्करोगाच्या दवाखान्यात, वजनकाट्याच्या वरच्या खिळ्याला मी अकरा वर्षे टांगलेला होतो. पंखा लावला की माझा कोपरा फडफडे आणि नर्सबाई चिमटा लावून मला गप्प करत.

मित्रांनो, बाळ जिथे वाढते त्या गर्भाशयाला क्वचित एक वेगळाच कर्करोग होतो. इतका क्वचित, की एखाद्या डॉक्टरला तो उभ्या आयुष्यात चार-दोनदाच दिसावा. मग "पुढे काय होईल?" असे कोणी विचारले की सगळे आढ्याकडे बघत. आमच्या मोठ्या डॉक्टरबाईंना हे खपेना. त्यांनी तीस वर्षांच्या फायली उपसल्या. शिंकून शिंकून बेजार झाल्या, पण दोनशे अकरा बायकांची हकिकत हाती लागली. त्यांचा धाकटा दीर कॉलेजात संख्याशास्त्र शिकवी. त्याने त्यातून मला घडवले. माझ्या अंगावर रेघा होत्या: वय, गाठीचा आकार, ती कुठवर पसरली, तिच्या पेशी किती झपाट्याने वाढतात. प्रत्येक रेघेवरचे गुण जोडले की सगळ्यांत खाली उत्तर मिळे: अशा शंभर जणींपैकी पाच वर्षांनी किती जणी हयात असतील.

दुसऱ्या गावांचे डॉक्टर माझी नक्कल करून नेऊ लागले. मी जरा फुगलोच होतो, खोटे कशाला बोलू?

एके सकाळी शहरबस चालवणारी एक बाई आली. तिची शस्त्रक्रिया होऊन महिना झाला होता. तिच्या नवऱ्याने डॉक्टरबाईंना दाराशीच गाठले. "तिला आकडा सांगू नका हो. हाय खाईल."

आतून आवाज आला, "अहो, मी पोटाने आजारी आहे, कानाने नाही!"

डॉक्टरबाईंनी पट्टी लावून गुण जोडले. "शंभरांत चाळीस."

नवरा मटकन वजनकाट्यावरच बसला. काटा गर्रकन फिरला.

"त्या चाळिसांत मी असेन का?" बाईने विचारले.

"ते या तक्त्याला सांगता येत नाही. मलाही नाही."

मला वाटले, भिंतीत शिरावे. बाई मात्र म्हणाली, "माझ्या बसमध्ये चाळीसच सीटा आहेत. म्हणजे अख्खी भरलेली बस की! मग मी चढायचा प्रयत्न तरी करणारच."

"जागेची हमी नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या, "पण औषधाची आणि तपासणीची एकही तारीख चुकवू नका."

तिचे केस गेले, तोंडाची चव गेली. दोनदा ती वजनाला उभी राहून रडली. पण वर्षाच्या आत ती पुन्हा बस चालवू लागली. तीन वर्षे नेमाने तपासणीला आली आणि मग एकाएकी यायची बंद झाली. फोन लागेना. अशी दोन वर्षे गेली. डॉक्टरबाईंचा दीर तेव्हा नव्या तक्त्यासाठी गणित मांडत होता आणि त्याला प्रत्येकीची खबर हवी होती. तिच्या फाईलवर 'पत्ता लागत नाही' असा शेरा पडला. नर्सबाईंना चैन पडेना. त्या थेट बसडेपोत गेल्या. परत आल्यावर त्यांनी सगळे साग्रसंगीत सांगितले.

बाई तिथे नव्या चालकांवर ओरडत होती, "क्लच! अरे, क्लच दाब!"

"बाई, आहात कुठे?" नर्सबाई कडाडल्या. "आमच्या कागदावर तुम्ही धड जिवंत नाही, धड गेलेल्याही नाही!"

बाई ओशाळली. "घर बदललं. बरी होते, म्हटलं कशाला दवाखान्याची पायरी चढू? पण मला जिवंत लिहा हो, चांगलं ठळक अक्षरात!"

त्याच आठवड्यात ती आली. तपासणीत काही निघाले नाही. पाच वर्षे उलटून गेली होती. अशाच हरवलेल्या आणखी चौसष्ट जणींचा शोध लागला. काही हयात होत्या, काही नव्हत्या. सगळ्यांची नोंद झाली. त्यातून संगणकावर माझ्याहून नेमका अंदाज सांगणारा नवा तक्ता तयार झाला, आणि मी कपाटामागे गेलो. सुरुवातीला वाईट वाटले. आता धूळ अंगवळणी पडली आहे.

मित्रांनो, एक मागणे आहे. घरात कोणाला डॉक्टरांनी असा आकडा सांगितला, तर खचण्याआधी त्याचा अर्थ विचारा. बरे वाटले तरी तपासणीला जा. जुन्या फायली रद्दीत देऊ नका. आजार दुर्मीळ असला की एकेका बाईची नोंद मोलाची असते. माझ्या रेघा फिक्या झाल्या, पण कपाटामागून मला ऐकू नीट येते. तपासणी उरकून निघालेली बाई दाराशी "जाते" म्हणत नाही, "येते हं" म्हणते. तेवढे ऐकले की माझा दिवस छान जातो.