फाटकावरची पिवळी कमान

आमच्या गल्लीत घराची इभ्रत फाटकावरच्या पिवळ्या नळावर ठरते. गॅसचा नळ. भिंतीभिंतीनं येतो, फाटकाशी आला की कमान करून वर चढतो नि पलीकडे उतरतो. हिवाळ्यात त्यातून वारासुद्धा येत नाही, सगळी गल्ली गोवऱ्या जाळते, तो भाग वेगळा. नळ हवा. आमच्याकडे नेमका तोच नव्हता. आमचं घर शेवटचं, आणि मोठा नळ शेजारच्या शरोफतच्या तुतीपाशीच संपलेला.

तरी चाललं असतं. पण माझ्या थोरल्यासाठी, इल्होमसाठी, आम्ही नफोसतला मागणी घातली. तिची आई झेबोखोन म्हणाली, "पोरीला धुरानं खोकला होतो. गॅसच्या घरीच देईन. आधी घर बघते, मग नान मोडू." नान मोडली की लग्न ठरलं, तोवर सगळं हवेत. "दुसरी बघू," म्हटलं तर इल्होम भरल्या ताटावरून उठला आणि दोन दिवस कुणाशी बोलला नाही.

मग आमच्या ह्यांना अक्कल सुचली. बंद पडलेल्या सामूहिक शेतावरून जुने नळ आणले, जोडले, फाटकावर कमान चढवली, तीही गल्लीत सगळ्यांहून हातभर उंच. वर पिवळा रंग फासला. टोक तुतीच्या मागे नेलं आणि मोठ्या नळाच्या वीतभर अलीकडे सोडून दिलं.

"अहो, यातून गॅस येणार कुठून?"

"हिवाळ्यात कुणाच्या नळातून येतो गं? उन्हाळ्यात अर्ज करू, खरा जोडून घेऊ."

बोलणं तर खरंच होतं.

झेबोखोन आली. कमान बघून तिनं मान डोलावली. स्वयंपाकघरात गोवऱ्या धुमसत होत्या. "प्रेशर नाही वाटतं?" तिनं विचारलं. "नाही ना." "आमच्याकडेही नाही," असं म्हणून ती चहाला टेकली. तेवढ्यात गॅस ऑफिसचा माणूस फाटकातून आत आला. शरोफतनं तक्रार केली होती. आम्ही चोरून गॅस ओढतो, म्हणून म्हणे तिची शेगडी पेटत नाही!

"मामासोली-आका, या नळाची परवानगी आहे का?" त्यानं ह्यांना विचारलं.

हे माझ्याकडे बघत राहिले. खरं सांगावं तर नान मोडत नाही, गप्प बसावं तर चोर. शेवटी यांनी मान खाली घातली. "चूक झाली, साहेब." उभ्या जन्मात या माणसानं कुणाच्या शेतातलं खरबूज उचललं नाही.

साहेब आता तुतीपाशी जाऊन बघणार, म्हणून माझा जीव टांगणीला लागला. पण तिकडे चिखल होता नि साहेबांचे बूट नवे होते. फाटकाजवळ नळाला बसवलेल्या चावीला त्यांनी तार गुंडाळली, शिशाचं सील दाबलं, आमचा पलोव खाल्ला आणि गेले.

मला वाटलं, संपलं. झेबोखोन उठली, सीलला बोट लावून आली आणि म्हणाली, "विहीणबाई, सरकार रिकाम्या नळाला सील लावत नाही. गॅस आहे म्हणायचा. आज ना उद्या उघडून देतील." गुरुवारी नान मोडली.

लग्न झालं, उन्हाळा आला, सगळ्यांचा गॅस आला. हे अर्ज घेऊन गेले. ऑफिसात सांगितलं, चोरीच्या घराला नवा नळ मिळत नाही. चोरी केलीच नाही म्हणायचं, तर साहेबांना तुतीमागे नेऊन दाखवायला हवं. आणि शरोफत दिवसभर भिंतीवरून बघत असते, तिला कळलं की झेबोखोनला कळलंच. हे तसेच परत आले.

म्हणून नफोसत गोवऱ्या थापते, जाळते, खोकते. आईचा फोन आला की सांगते, "अजून सील काढलं नाही गं."

नवरोजच्या सणाआधी जो तो आपला नळ रंगवतो. नफोसतनं माझ्याकडे रंगाचा डबा मागितला. संध्याकाळी घरात आली तेव्हा ओढणीवर पिवळे डाग होते.

"उद्या आमची आई येणार आहे," ती म्हणाली. "तुतीमागचं टोकही रंगवलं मी. आत चिमणीनं काड्या भरल्यात, त्या राहू दिल्या."

मला मान वर करवेना. तिनं चुलीशी बसून फुंकणी उचलली. कमान करून उरलेल्या बारीक तुकड्याची ह्यांनी केलेली फुंकणी. अख्ख्या नळातला तेवढाच तुकडा कामाला आला होता. दोन फुंकरा मारल्या नि ती खोकत सुटली. मी तिच्या हातातून फुंकणी काढून घेतली, "ऊठ, बाहेर जाऊन बस," म्हटलं, आणि स्वतः फुंकायला लागले.