दहातले सहा

“ब्रिना, तुझ्या बहिणीने आज नख लावलं नाही,” लोइझकाका म्हणाले.

मंगळवारची दुपार होती. माझ्या तान्ह्या नेलीला पाठीवर बांधून मी काकांच्या तळघरात बार्लीचं सूप पोचवायला गेले होते. माझी धाकटी बहीण तायदा गेली नऊ वर्षं बर्फाच्या उतारावरच्या स्की-शर्यतींत पळते, आणि नऊ वर्षं तिच्या स्कींच्या कडांना कानस आणि तळांना मेण काकाच लावतात. धार लावून झाली की तायदा अंगठ्याचं नख धारेवरून ओढते. नखाची पातळ साल निघाली की मान हलवते, मगच स्की उचलते.

“नख लावलं नाही, आणि शनिवारची शर्यत कुठे आहे हे दोनदा विचारलं. आपल्याच डोंगरावर, म्हटलं, तर नुसती हसली. मला ते हसणं आवडलं नाही. जरा लक्ष दे तिच्याकडे.”

“काका, ती पहिल्यापासूनच विसराळू. तुम्ही नाही का, चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधता?”

काका हसले नाहीत. त्यांनी कानस पुसून ठेवली. नेलीला दात येत होते, ती रडायला लागली, आणि मी निघाले. गॅस बंद केला की नाही हे तीनदा बघणारी, झोपलेल्या मुलीच्या नाकाशी बोट धरून श्वास तपासणारी मी. त्या दिवशी मला कशाचीच भीती वाटली नाही.

तायदाचं नाव तुम्ही ऐकलं नसेल. अकरावी, सतरावी, तेरावी अशी ती येत राहिली. एकदा चौथी आली होती. तिसरीपेक्षा पापणी लवायला लागते त्याहून कमी वेळाने मागे. गुडघ्यांच्या तीन शस्त्रक्रिया. प्रत्येक वेळी ती परतली, आणि प्रत्येक वेळी प्रशिक्षक येर्नेय म्हणाला, “पोरगी लोखंडाची आहे.”

दर सप्टेंबरमध्ये संघाचे डॉक्टर सगळ्यांची चाचणी घेतात. दहा शब्द वाचून दाखवतात, थोड्या वेळाने ते परत म्हणायचे. किती आठवले तो आकडा कागदावर जातो. हिवाळ्यात कोणी डोक्यावर पडलं की पुन्हा तेच दहा शब्द. आकडा घसरला तर घरी बसायचं. म्हणून सप्टेंबरमध्येच मुद्दाम कमी सांगायचे. मोठ्या मुली धाकट्यांना हे शिकवतात, बूट कसे आवळायचे ते शिकवावं तसं.

गेल्या सप्टेंबरमध्ये ही तालीम माझ्या स्वयंपाकघरात झाली. यादी दरवर्षी तीच, त्यामुळे तायदाला पाठच होती. सफरचंद, घंटा, लोकर, पूल, मीठ, कावळा, चमचा, ढग, शिडी, साबण. ती शेवटचे चार गाळत होती.

“एकदम शेवटचे सोडू नकोस, संशय येईल,” मी म्हणाले. “अधले-मधले सोड. पूल, कावळा, ढग, शिडी.”

हे मी सुचवलं. विद्यापीठात शिकलेली मी. आम्ही दोघी हसलो होतो.

डिसेंबरमध्ये ती ऑस्ट्रियात पडली. शिरस्त्राण कडक बर्फावर आपटलं. स्वतःच उठली, हात हलवला. तंबूत डॉक्टरांनी दहा शब्द वाचले, तिने सहा सांगितले. सप्टेंबरमध्ये सहा, डिसेंबरमध्ये सहा. दोन आठवड्यांत ती पुन्हा उतारावर.

शर्यतीच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, ती माझ्याकडे जेवायला आली. कुट्टूच्या पिठाची उकड आणि आंबट दूध, तिच्या आवडीचं. तिने मीठ घातलं, चव घेतली, पुन्हा तेवढंच मीठ घातलं, आणि खात राहिली. मला एकदम काकांचं बोलणं आठवलं.

“तायदा, ते दहा शब्द म्हण ना.”

“आता कशाला?”

“गंमत म्हणून.”

“सफरचंद, घंटा, कावळा, मीठ...” ती थांबली. खिडकीकडे पाहिलं. “शिडी. साबण.” मग हसली. “सहा. बरोबर?”

“इथे डॉक्टर नाहीत. सगळे म्हण.”

“चार सोडलेत. आपलं ठरलं होतं तसे.”

“कावळा आणि शिडी सोडायचं ठरलं होतं, तायदा.”

तिने चमचा खाली ठेवला. मग हळूच म्हणाली, “उद्या आपला डोंगर आहे. सगळं गाव येणार. मी एकोणतीस वर्षांची आहे, ब्रिना, आता बसले तर मला परत कोण बोलावणार आहे? तू तोंड बंद ठेव.”

मी तिच्या देखत येर्नेयला फोन लावला. सगळं सांगितलं.

“म्हणजे तुम्ही दोघींनी डॉक्टरांना फसवलं,” तो शांतपणे म्हणाला. “आणखी कोणाला बोललीस?”

“तू तिला थांबव.”

“कागदावर तेव्हाही सहा, आताही सहा. मी कागद बघून चालतो. हे बघ, बाळंतपणानंतर बायकांच्या मनात नाही नाही ते येतं. माझ्या बायकोचंही तसंच होतं. जरा झोप काढ.”

डॉक्टरांचा नंबर मिळवणं अवघड नव्हतं. पण चारचौघांत ‘ही युक्ती तुमचीच ना?’ हे मला ऐकायचं नव्हतं, म्हणून मी तो लावलाच नाही. येर्नेयवर मी आजही दात खाते. स्वतःवरच्या रागाचं मात्र काय करायचं, ते कळत नाही.

शनिवारी मी नेलीला घेऊन जाळीपाशी उभी होते, शेजारी काका. जुन्या गोठ्यापाशी मार्ग डावीकडे वळतो. चार वर्षांची असल्यापासून तायदा तिथे वळत आली होती. त्या दिवशी ती सरळ गेली. घसरली नाही, तोल गेला नाही. तिथे वळण नव्हतंच कधी, अशी सरळ जाळ्यांत गेली. ध्वनिक्षेपकावरचा माणूस म्हणाला, “रेषा चुकली.” काकांनी टोपी काढली.

आता ती आमच्या वरच्या खोलीत असते. उजेड सोसत नाही, म्हणून खिडक्या लावलेल्या असतात. बोलते नीट, पण वाक्य अर्ध्यावर सोडून माझ्या तोंडाकडे बघत राहते. पुढचं मीच सांगावं अशी.

एप्रिलमध्ये येर्नेय पोतित्सा, म्हणजे अक्रोडाचं सारण गुंडाळलेला गोड पाव, घेऊन आला. काकाही बसले होते.

“दुर्दैव, दुसरं काय,” तो म्हणाला. “त्या वळणावर स्कीची धार कमी पडली असणार.”

काका उठले. कोपऱ्यातली तिची डावी स्की आणली, त्या शनिवारनंतर कोणी हात न लावलेली. टेबलावर आडवी धरली आणि अंगठ्याचं नख धारेवरून ओढलं. नखाची पांढरी साल येर्नेयच्या बशीत पडली.

“धार आहे,” काका म्हणाले.

मी पोतित्सा कागदासकट त्याच्या हातात परत दिली आणि दार उघडून धरलं.

संघातल्या किती मुलींना हे शिकवलंस, असं मी तायदाला विचारलं. तिला आठवत नाही. म्हणून हे लिहिते आहे. तुमची मुलगी ह्या शर्यतींत पळत असेल, तर आज जेवायला बसल्यावर तिला ते दहा शब्द विचारा. सहावर थांबून ती हसेल. तुम्ही हसू नका. उरलेले चार मागा, आणि ती म्हणेपर्यंत उठू नका.